अब्बांची स्प्लेंडर

उर्दू शाळेत शिकवून शिकवून स्वतःला 'हम' म्हणायची सवय लागली आहे. मराठीत लिहायला बसलो की त्याचे आपोआप 'आम्ही' होते. वाचकांनी हे 'आम्ही' एकाच मास्तरचे समजावे. मात्र या लेखात पुष्कळ ठिकाणी मागच्या सीटवर अब्बा बसलेले आहेत. तिथे ते खरोखरच दोघांचे आहे.

अब्बांनी १९९८ साली स्प्लेंडर घेतली तेव्हा आम्ही चौथीत होतो. काळ्या रंगाची, टाकीवर 'हीरो होंडा' लिहिलेली. त्या दोन कंपन्या २०१०-११ मध्ये वेगळ्या झाल्या, पण आमच्या टाकीवर त्या अजून एकत्र नांदतात. मोहल्ल्यात त्या वेळी स्कूटरी होत्या, एक-दोन जुन्या राजदूत होत्या. गाडी दारात आली त्या संध्याकाळी अम्मीने तिच्यावरून लिंबू ओवाळले आणि शेजारच्या पोरांनी हॉर्न वाजवून वाजवून अब्बांचे डोके उठवले.

अब्बा उद्यमनगरात टर्नर होते. कोल्हापूरकरांना उद्यमनगर सांगायला नको. बाहेरच्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की शिवाजी उद्यमनगरात एका गल्लीत ऑइल इंजिनाचे सुटे भाग, दुसऱ्या गल्लीत गिअर, तिसऱ्या गल्लीत वेल्डिंग असे चाललेले असते, आणि सकाळी आठला लेथ सुरू झाले की रात्रीपर्यंत तिथे कोणाला हळू बोलता येत नाही. अब्बांनी तिथे छत्तीस वर्षे काढली. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण मायक्रोमीटर वाचताना त्यांची चूक झालेली आम्ही पाहिली नाही.

गाडी आली आणि पहिले दोन महिने अब्बांनी तिला चाळीसच्या वर नेले नाही. आमचे मामा त्यांना हसायचे. "नवी गाडी आहे, पळवा की." अब्बा म्हणायचे, "अभी घिसने दो." नवी वस्तू घासू द्यायची हे काही आम्हाला समजत नव्हते. नव्या वहीला कव्हर घालायचे, नव्या चपलेला जपायचे, आणि गाडीला मात्र घासू द्यायचे! पुढे कळले की नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंगचे बारीक तिरपे ओरखडे असतात आणि पिस्टनच्या रिंगा त्या भिंतीवर हळूहळू घासून बसतात. त्या नीट बसल्या की दाब धरतात. म्हणजे इंजिनाची ताकद पहिल्या दिवशी पूर्ण नसते. पहिले काही शे किलोमीटर ती थोडी थोडी वाढत जाते. त्यानंतर वर्षानुवर्षे जवळजवळ तेवढीच राहते. तेल वेळेवर बदलले, एअर फिल्टर साफ ठेवला, टॅपेटची फट बघितली, तर ती घटते ती इतकी सावकाश की चालवणाऱ्याला समजत नाही.

ही गोष्ट लोकांना पटत नाही. आमच्याकडे गाडीला माणसासारखे म्हातारपण येते असे सगळे धरून चालतात. दहा वर्षे झाली, 'आता तिच्यात दम नाही' म्हणायचे आणि विकायची. आम्हीही तसेच म्हणत होतो. बी. एड. झालेला, नववीला विज्ञान शिकवणारा माणूस!

२००९ साली गाडी निळा धूर सोडू लागली. तेलही खाऊ लागली. महिन्याला पाव लिटर कमी व्हायचे. सत्तर हजारांवर किलोमीटर झाले होते. अब्बांनी एका रविवारी हेड उतरवले आणि सिलिंडर पिशवीत घालून निघाले. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो, कुतूहल म्हणून मागे गेलो. त्यांच्या कारखान्याशेजारी बोरिंगचे मशीन असलेले एक दुकान होते आणि मालक अब्बांचा दोस्त होता. सुट्टीच्या दिवशी त्याने मशीन अब्बांच्या हवाली केले. अब्बांनी आधी आमचे बोट सिलिंडरच्या आत फिरवायला लावले. वरच्या टोकाला बारीकशी पायरी लागली. रिंग जिथपर्यंत जाते तिथपर्यंत भिंत झिजलेली आणि त्याच्या वरचा भाग मूळचा. त्या पायरीवरून नख अडत होते. "ये देख, अकरा साल इतना खाए," अब्बा म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी स्वतः बोर केला. पिस्टन पाव मिलिमीटर मोठा. त्याला पहिला ओव्हरसाईज म्हणतात. कंपनी असे चार पिस्टन देते: पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर मोठे. म्हणजे सिलिंडर चारदा बोर करता येतो, मग स्लीव्हच बदलायची. यात एक गमतीची गोष्ट आहे. मूळ बोर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५, म्हणून इंजिन ९७.२ सीसी. चौथ्या ओव्हरसाईजला बोर ५१ होतो आणि तेच इंजिन १०१ सीसी भरते. गाडी जसजशी जुनी होते तसतसे तिचे इंजिन मोठे होत जाते. फरक चार टक्क्यांचा, पण आहे. अब्बांना ही आकडेमोड आम्ही करून दाखवली तेव्हा ते खूश झाले होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी कारखान्यात ती सगळ्यांना सांगितली.

त्या बोरवर गाडी पुढे तेरा वर्षे चालली. आमची नोकरी लागली, शाळा रत्नागिरी रोडने जाऊन आत वळल्यावर एका गावात. २०१३ मध्ये अब्बा निवृत्त झाले आणि गाडी आमच्याकडे आली. अब्बांना तोवर ऐकू कमी येऊ लागले होते. लेथ, पॉवर प्रेस आणि ग्राइंडरच्या आवाजात छत्तीस वर्षे कानात कापूससुद्धा न घालता काढल्यावर दुसरे काय होणार? आम्ही त्यांना गाडी चालवू नका म्हणालो. मागचा हॉर्न ऐकू येत नाही, एखादा ट्रक अंगावर येईल. त्यांनी वाद घातला नाही. चावी आमच्या हातात दिली आणि त्यानंतर मागितली नाही.

एक कबुली द्यावी लागेल. ऐकू न येणाऱ्या माणसाशी घरातली माणसे बोलणे कमी करतात. रागाने नाही, कंटाळ्याने. प्रत्येक वाक्य दोनदा, तेही मोठ्याने म्हणावे लागते. दिवसभर साठ पोरांसमोर ओरडून आलेल्या मास्तरला संध्याकाळी पुन्हा ओरडायचे जिवावर येते. मग 'जेवलात का', 'गोळी घेतली का' एवढे विचारायचे आणि बाकीचे स्वतःच ठरवायचे. गाडीचेही तसेच झाले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा महापूर आला. आमचे घर नदीकडच्या भागात. रात्री पाणी गल्लीत शिरले तेव्हा आम्ही अम्मी-अब्बांना घेऊन वरच्या पेठेत मावशीकडे गेलो. गाडी ओट्यावर चढवली होती, पण पाणी ओट्याच्या वर हँडलपर्यंत गेले. सहाव्या दिवशी परत आलो तर स्प्लेंडर चिखलात आडवी. आम्ही ती उभी केली आणि सवयीने किकवर पाय ठेवला. अब्बा मागून ओरडले, "किक मत मार!" इतक्या जोरात ते कधी ओरडले नव्हते. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही. जोराने किक मारली तर कनेक्टिंग रॉडच वाकायची. अब्बांनी प्लग काढला, किक हाताने सावकाश खाली दाबली, आणि प्लगच्या भोकातून गढूळ पाण्याची पिचकारी उडाली. खालून तेल सोडले तर दूध घातलेल्या चहासारखे. डिझेलने धुतले, नवे तेल घातले, थोडे चालवून ते सोडले, पुन्हा घातले. तीनदा. तिसऱ्या वेळी तेल तेलासारखे बाहेर आले. कार्बोरेटर उघडून वाळू काढली. गाडी चालू झाली त्या दिवशी गल्लीतल्या लोकांनी अब्बांना चार गाड्या आणून दिल्या.

त्याच धांदलीत ते आम्हाला म्हणाले होते, "सायलेन्सर उतारके उलटा कर. अंदर का कीचड निकाल." आम्ही मान हलवली. शाळेतले दाखले आणि जनरल रजिस्टर वाळत घालायचे होते, घराचा पंचनामा व्हायचा होता, अम्मीच्या गाद्या फेकायच्या होत्या. सायलेन्सर राहिला. गाडी चालत होती, त्यामुळे तो विषयच डोक्यातून गेला.

मग लॉकडाऊनमध्ये गाडी महिनोन् महिने उभी राहिली. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर हळूहळू एक गोष्ट लक्षात येऊ लागली. शाळेच्या अलीकडे अर्ध्या किलोमीटरचा एक सरळ चढ आहे. तो आम्ही नेहमी तिसऱ्या गिअरवर चढायचो. आता वरच्या टोकाला दुसरा टाकावा लागे. २०२२ च्या उन्हाळ्यात पायथ्यापासूनच दुसरा, आणि मागे कोणी बसले तर पहिला. सायकलवरची आमची विद्यार्थिनी एकदा चढावर आमच्या बरोबरीने आली आणि अदबीने मागे राहिली. तेव्हा फार वाईट वाटले.

सपाटीला मात्र काही जाणवत नव्हते. याचे कारण आता माहीत आहे. चाळीसच्या वेगाने सपाट रस्त्यावर जायला अशा गाडीला दीड-दोन अश्वशक्ती पुष्कळ होतात. इंजिनाची कागदावरची ताकद साडेसात. म्हणजे निम्मी ताकद गेली तरी गावातल्या गावात फिरणाऱ्याला पत्ता लागायचा नाही. चढ आला की मात्र सगळे उघडे पडते.

आम्ही गाडी एका गॅरेजमध्ये नेली. त्याने गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारली आणि म्हणाला, "मास्तर, पिस्टन गेला. चोवीस वर्षांची गाडी, बोर करायला लागणार." चोवीस वर्षे हा आकडा आम्हाला पुरेसा वाटला. धूर येत नव्हता, तेल कमी होत नव्हते, सकाळी पहिल्या किकला चालू होत होती. यातली एकही गोष्ट आम्ही विचारात घेतली नाही. अब्बांना विचारायचे मनात आले होते. पण जुम्मा होता, घाई होती, आणि सगळे ओरडून समजावून सांगायचे होते. बोर झाला. दुसरा ओव्हरसाईज पडला. जुना पिस्टन गॅरेजवाल्याने वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

गाडी घेऊन शाळेच्या चढावर गेलो. दुसरा गिअर. वरच्या टोकाला पहिला. काहीही फरक नाही.

दोन दिवसांनी अब्बांच्या हाती तो वर्तमानपत्राचा पुडा लागला. त्यांनी तो उघडला, पिस्टन हातात घेऊन खिडकीशी गेले, कपाटातून फडक्यात बांधलेला आपला मायक्रोमीटर काढला आणि पिस्टन तीन जागी मोजला. मग रिंगा काढून बोटांनी दाबून बघितल्या. आम्ही चहा पीत बसलो होतो. ते म्हणाले, "कायको बोर किया?"

आम्ही मोठ्याने सांगितले, "ताकत नव्हती गाडीत."

"कॉम्प्रेशन देखा था?"

नव्हते बघितले. गेजही लावले नव्हते. मग त्यांनी आम्हाला, पोराला पहाडा शिकवावा तसे, शांतपणे सांगितले. प्लगच्या भोकात कॉम्प्रेशनचे गेज लावायचे आणि किक मारून आकडा बघायचा. कमी आला तर चमचाभर तेल भोकातून आत सोडायचे आणि पुन्हा बघायचे. तेलाने रिंगांची फट तात्पुरती बुजते. आकडा वाढला तर रिंगा किंवा बोर गेला. वाढला नाही तर दोष वर, वॉल्व्ह बसत नाहीत, किंवा टॅपेट इतके घट्ट आहेत की वॉल्व्ह पुरते मिटत नाहीत. आणि आकडा मुळातच चांगला असेल तर इंजिन उघडायचेच नाही. मग क्लच बघायचा, इंजिन ओरडते आणि गाडी पळत नाही असे होते का ते. मागचे चाक हवेत उचलून हाताने फिरवायचे, ब्रेक धरत असेल तर कळते. चेन, टायरमधली हवा, कार्बोरेटरचा जेट, एअर फिल्टर. आणि सायलेन्सर. हे सगळे करायला एक सकाळ आणि चमचाभर तेल लागते.

"पिस्टन कितना घिसा?" आम्ही विचारले.

त्यांनी मायक्रोमीटर पुन्हा फडक्यात बांधला. "ये और बीस हजार चलता," एवढेच म्हणाले.

आम्हाला लगेच उमगले नाही. रात्री झोपताना लक्षात आले. तो २००९ चा बोर त्यांच्या हातचा होता. उद्यमनगरातल्या त्या रविवारी त्यांनी स्वतः काढलेला, स्वतः होन केलेला, तेरा वर्षांनंतरही शाबूत. तो आम्ही एका अनोळखी मशीनवर नेऊन पाव मिलिमीटर खरवडून टाकला होता. अब्बा निवृत्त झाल्यावर त्यांच्या हातचे काम म्हणावे असे घरात एवढेच उरले होते. बाकीचे सगळे गिअर आणि शाफ्ट कुठल्या कुठल्या कारखान्यांत गेले, कोणाला ठाऊक. आम्ही त्यांच्याकडे माफी मागितली नाही. बापाकडे अशा गोष्टीची माफी कशी मागायची हे आम्हाला शिकवलेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त विचारले, आज गाडी बघता का?

अब्बा ओट्यावर आले. त्यांनी किक हाताने दाबून बघितली, मान डोलावली. कॉम्प्रेशन ठीक. आम्हाला गाडी चालू करून ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवायला सांगितले आणि स्वतः मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडापुढे तळहात धरला. पूर्वी ते पेचकस इंजिनाला लावून त्याची मूठ कानाशी धरायचे आणि टॅपेट कोणता वाजतो ते सांगायचे. आता कानाचा उपयोग नव्हता. हात धरून ते बराच वेळ उभे राहिले. मग शेजाऱ्याची स्प्लेंडर चालू करायला लावली आणि तिच्यामागेही हात धरला. आम्हाला बोलावून आमचा तळहात दोन्हींकडे धरायला लावला. शेजाऱ्याच्या गाडीचे ठोके हाताला थपडा मारल्यासारखे लागत होते. आमच्या गाडीचा नुसता कोमट वारा येत होता.

"दम लेती है, पर छोडती नै," अब्बा म्हणाले.

जळलेला वायू बाहेर जात नाही म्हणून नवे मिश्रण आत यायला जागा नाही. इंजिन सुरू होते, मंद चालते, पण वर चढत नाही. साधे श्वासाचे गणित. नववीच्या पोरांना आम्ही फुप्फुसे शिकवताना हेच सांगतो.

आम्ही लगेच पाना घेऊन सायलेन्सर उतरवायला बसलो. अब्बांनी थांबवले. "पैले नाप, फिर काट." आधी मोज. बोर करताना मोजले नाहीस, आता तरी मोज. काय मोजायचे ते आम्हाला सुचले, एवढेच आमचे योगदान. शाळेजवळचा तो चढ. आमचा एक माजी विद्यार्थी रस्त्याच्या कामावर असतो. त्याने लेव्हल लावून सांगितले, सर, पाचशे मीटरला चाळीस मीटर उंची. गाडीचे वजन साधारण ११० किलो, आम्ही ७८, अब्बा ६२. एकूण २५०. अडीचशे किलो चाळीस मीटर वर न्यायचे म्हणजे दहा हजार किलो-मीटर काम. एका सेकंदात ७५ किलो वजन एक मीटर उचलले तर ती एक अश्वशक्ती. पायथ्याला उभे राहून सुरुवात करायची, ॲक्सिलरेटर पूर्ण, आणि वरच्या मैलाच्या दगडापर्यंत सेकंद मोजायचे. एचएमटीचे घड्याळ घेऊन अब्बा मागे बसले. नऊ वर्षांनंतर ते या गाडीवर बसून शहराबाहेर पडले होते.

एकाहत्तर सेकंद. म्हणजे दोनाला थोडी कमी, १.९ अश्वशक्ती.

मग सायलेन्सर उद्यमनगरात नेऊन कापला. आतली जाळीदार नळी गंजून तुटली होती आणि तिचे तुकडे वाटेत आडवे पडले होते. त्यांच्याभोवती २०१९ चा चिखल विटेसारखा वाळलेला. पंचगंगेची माती आम्ही तीन वर्षे शाळेला घेऊन जात होतो. ज्याने कापला तो वेल्डर अब्बांना ओळखत होता. त्याने पैसे घेतले नाहीत, नवी नळी घालून जोडून दिला. पुढच्या रविवारी पुन्हा तोच चढ, तीच वेळ. वेळ तीच असली पाहिजे हा अब्बांचा आग्रह, कारण थंड हवा दाट असते आणि सकाळी गाडी दुपारपेक्षा बरी ओढते. टायरची हवा तीच, टाकीत पेट्रोल तेवढेच.

छेचाळीस सेकंद. २.९ अश्वशक्ती. तिसरा गिअर शेवटपर्यंत टिकला.

यात बोरमुळे किती फरक पडला हे आम्हाला कधीच कळणार नाही. आधी मोजलेच नव्हते.

हा प्रयोग आम्ही नववीला सांगतो. उर्दूत बल म्हणजे कुव्वत, ऊर्जा म्हणजे तवानाई आणि शक्ती म्हणजे ताकत. बोलीत तिन्हींचा अर्थ एकच, त्यामुळे पोरे गोंधळतात. फळ्यावर दहा हजार भागिले सेकंद लिहिले की गोंधळ कमी होतो. एका पोराने विचारले, "सर, कंपनी साडेसात घोडे देती, आपके पास तीनच आए. बाकी के किधर गए?" उत्तम प्रश्न. साडेसात ही ताकद इंजिन मिनिटाला आठ हजार फेरे घेते तेव्हाची. चढावर ते तेवढे फिरतच नाही. जे मिळते त्यातले काही गिअर आणि चेन खातात, काही टायर, काही वारा. शून्यातून वेग घ्यायलाही काही लागते. आम्ही मोजली ती फक्त वर उचलण्यात कामी आलेली. पोरगा म्हणाला, "मतलब चोरी बीच में हुई." आम्ही त्याला पूर्ण मार्क दिले.

२०२३ मध्ये गाडीला पंचवीस वर्षे झाली, फेरनोंदणी आली. २०२२ च्या एप्रिलपासून दुचाकीच्या फेरनोंदणीची फी तीनशेची हजार झाली होती, वर पर्यावरण कर. दुल्हाभाई म्हणाले, एवढ्यात नव्या गाडीचा पहिला हप्ता जाईल. त्यांचे चुकीचे नव्हते. नव्या गाडीत इंधन इंजेक्शनने जाते, धूर कमी, दिवा चांगला. पण अब्बांनी स्वतः धुऊन, टॅपेट लावून गाडी पासिंगला नेली. नेली म्हणजे आम्ही चालवली, ते मागे बसले.

दरवर्षी पावसाळ्यानंतर आम्ही दोघे चढ मोजतो. एका जुन्या हजेरीपटाच्या मागच्या पानावर आकडे आहेत. छेचाळीस, छेचाळीस, सत्तेचाळीस. २०२५ मध्ये एकोणपन्नास आले. आम्ही लगेच पेट्रोलला दोष दिला. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. जुन्या कार्बोरेटरचा जेट तर पूर्वीच्या पेट्रोलसाठीच बनवलेला. शिवाय इथेनॉल पाणी ओढते, जुन्या रबराला त्रास देते. पेट्रोलची नळी आम्ही दोनदा बदलली. अब्बांनी सगळे ऐकून घेतले, म्हणजे आम्ही सगळे ओरडून सांगितले. मग शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर आम्हाला उभे केले. ७८ चे ८४ झालो होतो.

बहात्तर वर्षांच्या माणसाला पोराचे वजन भर बाजारात मोजायची काय हौस!

त्यानंतर त्यांनी एअर फिल्टर बदलला, चेन ताणली, मागचा ब्रेक धरत होता तो मोकळा केला. आम्ही रात्रीचा भात बंद केला. गेल्या रविवारी पुन्हा चढाला गेलो. वरच्या दगडाशी थांबून मागे वळून विचारले, किती?

त्यांना ऐकू गेले नाही. आम्ही बोटांनी खूण केली. त्यांनी घड्याळ आमच्या डोळ्यांसमोर धरले. अठ्ठेचाळीस.

"मैं जरा देर से देख्या," अब्बा म्हणाले. "शुरू का एक सेकंद मेरा गया. सत्तेचाळीस लिख."

आम्ही अठ्ठेचाळीस लिहिले. घरी येऊन बघतो तर त्यांनी ते पेनाने खोडून सत्तेचाळीस केले होते.